घरच्या सशाची टोचणी आणि निगा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमपत्रिकेत भजन, पाककृती आणि नाट्यप्रवेश यांच्या रांगेत सशाच्या टोचणीवर भाषण पाहून पुष्कळजणींना हसू आले असेल. ते साहजिकच आहे. आपण सशाला ओळखतो ते गोष्टींतून. कासवाशी शर्यत लावून झोपी गेलेला ससा, पाठीवर पान पडल्यावर आभाळ पडले म्हणून धावत सुटलेला ससा, चंद्रावरचा ससा. तो घरी आणून पाळायचा, त्याला डॉक्टरकडे न्यायचे आणि वर्षाच्या वर्षाला सुई टोचून घ्यायची, हे आपल्या आयांना सांगितले असते तर त्यांनी पदराआड तोंड लपवले असते.

पण आता आपण इंग्लंडात राहतो. इथे मुलाने हट्ट धरला की कुत्र्याऐवजी ससा आणतात, कारण तो लहान, मुका आणि बागेतल्या पिंजऱ्यात राहणारा. पहिले पंधरा दिवस मुले त्याला खाली ठेवीत नाहीत. पुढे शाळा, पोहण्याचा वर्ग, वाढदिवसाच्या पार्ट्या सुरू होतात आणि ससा आईच्या नाहीतर आजीच्या गळ्यात पडतो. तेव्हा नावाला ससा मुलांचा असला तरी त्याची खरी मालकीण आपण आहोत. मी बरीच वर्षे जनावरांच्या दवाखान्यात परिचारिकेचे काम करते. तिथे जे रोज दिसते आणि जे जाणत्या पशुवैद्यांकडून शिकायला मिळाले, ते आज आपल्यापुढे ठेवते.

सर्वांत आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ससा दुखणे लपवतो. कुत्रा कण्हतो, मांजर ओरडते. ससा मात्र गप्प बसून राहतो. रानात कोल्हा आणि ससाणा टपलेले असतात, आणि जो अशक्त दिसेल त्याला ते आधी उचलतात. त्यामुळे आजारी असूनही धडधाकट दिसायचे, ही त्याची पिढ्यान् पिढ्यांची सवय आहे. घरात आला म्हणून ती सुटत नाही. परिणाम असा होतो की ससा आजारी आहे हे आपल्या लक्षात येईपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. म्हणून सशाच्या बाबतीत मागाहून औषध करण्यापेक्षा आधीची काळजीच उपयोगी पडते. आज मी जे सांगणार आहे त्या सगळ्याचे मूळ एवढेच आहे.

आता टोचणी कशासाठी ते पाहू. इकडे सशांचे दोन मोठे वैरी आहेत. पहिल्याचे नाव मिक्सोमॅटोसिस. हा विषाणू देवीच्या विषाणूच्या कुळातला आहे, मात्र माणसाला तो काहीही करीत नाही. १८९६ साली दक्षिण अमेरिकेत मॉन्टेव्हिडिओ येथे सानारेली नावाच्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतले ससे एकाएकी मरू लागले, तेव्हा या रोगाची प्रथम नोंद झाली. तिकडच्या रानसशांना त्याने एखादी गाठ येते, पण युरोपी जातीच्या सशाला तो जगू देत नाही. आणि आपल्या घरी जे ससे येतात, मग ते पांढरे असोत, काळे असोत की लोंबत्या कानांचे असोत, ते सगळे या युरोपी जातीचेच.

हा रोग जगभर आपोआप पसरला नाही, माणसानेच तो पसरवला. १८५९ च्या नाताळात टॉमस ऑस्टिन नावाच्या गृहस्थाने शिकारीच्या हौसेपायी इंग्लंडहून दोन डझन ससे ऑस्ट्रेलियात मागवले. त्यांची प्रजा एवढी वाढली की गवताच्या काडीसाठी मेंढरे आणि ससे यांच्यात झगडा लागला. शेवटी १९५० साली सरकारने हा रोग मुद्दाम सशांत सोडला. डासांनी तो नद्यांच्या काठाकाठाने नेला आणि ससे लाखोंनी मेले. १९५२ साली फ्रान्समधल्या एका डॉक्टरने आपल्या जमिनीवरचे ससे हटवण्यासाठी तोच रोग आणून सोडला. आवाराला भिंत होती, पण रोगाला भिंत कसली? वर्षभरात तो आसपासच्या देशांत पोचला आणि १९५३ साली खाडी ओलांडून इंग्लंडच्या केंट परगण्यात उतरला. दोन वर्षांच्या आत या देशातले बहुतेक सगळे रानससे नाहीसे झाले. आजारी ससा मुद्दाम नेऊन सोडणे हा गुन्हा ठरवणारा कायदा १९५४ साली करावा लागला, यावरून लोकांनी काय काय केले असेल याची कल्पना येते.

या कथेत आपल्याला जवळचा वाटावा असा एक धागा आहे. ऑस्ट्रेलियात तो रोग सोडल्यावर त्याच सुमारास माणसांत मेंदूच्या तापाची साथ आली आणि लोक म्हणू लागले की हे सशाच्या रोगामुळेच. तेव्हा १९५१ साली फ्रँक फेनर आणि त्यांच्या दोघा ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सशाचा तो विषाणू स्वतःच्या अंगात टोचून घेतला. तिघांनाही काही झाले नाही आणि लोकांचे भय गेले. पुढे हेच फेनर देवीचा रोग जगातून गेला की नाही हे तपासणाऱ्या जागतिक आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि मे १९८० मध्ये देवी गेल्याची ग्वाही जगाला देण्याचा मान त्यांना मिळाला. या सभागृहातल्या ज्या भगिनींच्या दंडावर देवी काढल्याचा वण आहे, त्यांनी घरी गेल्यावर तो एकदा पाहावा. टोचणीने काय होते हे सांगायला दुसरा पुरावा नको.

इंग्लंडमध्ये मिक्सोमॅटोसिस मुख्यतः सशाच्या पिसवा पसरवतात, आणि डासही. पापण्या सुजतात, डोळ्यांतून घाण येते, ओठ, कानांची मुळे आणि गुप्तांग यांवर सूज चढते. ससा आंधळा होतो, खाणे सोडतो आणि साधारण दोन आठवड्यांत जातो. टोचणी न झालेल्या घरच्या सशाला हा रोग झाला तर तो वाचणे फार कठीण.

दुसरा वैरी त्याहून वाईट, कारण तो आल्याची वर्दीच देत नाही. याला सशाचा रक्तस्रावी रोग म्हणतात, इकडे आरएचडी या नावाने ओळखतात. १९८४ साली चीनच्या जिआंगसू प्रांतात तो प्रथम दिसला. जर्मनीहून आणलेले अंगोरा ससे तिथे पटापट मरू लागले. काही वर्षांत तो युरोपभर पसरला आणि १९९२ साली ब्रिटनमधल्या पाळीव सशांत आला. पुढे २०१० साली फ्रान्समध्ये त्याचा दुसरा प्रकार निघाला, तोही काही वर्षांतच इथे येऊन ठेपला. पहिल्या प्रकारातून अगदी लहान पिल्ले सहसा सुटत. दुसरा प्रकार त्यांनाही सोडीत नाही. हा रोग यकृतावर घाला घालतो आणि आतल्या आत रक्तस्राव होतो. रात्री कोथिंबीर खाऊन उड्या मारणारा ससा सकाळी पिंजऱ्यात निपचित पडलेला सापडतो. मालकाला वाटते, थंडीने गेला किंवा घाबरून गेला. दवाखान्यात असे कितीतरी ससे येतात की ज्यांच्यासाठी डॉक्टरांच्या हाती करण्यासारखे काहीच उरलेले नसते.

या दोन्ही रोगांवर औषध नाही, पण लस आहे. मिक्सोमॅटोसिस आणि रक्तस्रावी रोगाचे दोन्ही प्रकार या तिघांवर मिळून एकच सुई आता इथे मिळते. पिल्लू पाच आठवड्यांचे झाले की ती देता येते आणि पुढे दर वर्षी एकदा द्यावी लागते. टोचल्याबरोबर लगेच संरक्षण मिळत नाही, त्याला सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणून पिसवा आणि डास वाढण्याची वाट न पाहता उन्हाळ्याच्या आधीच ती देऊन ठेवलेली बरी. काही भागांत दुसऱ्या प्रकारचा जोर असला तर डॉक्टर वेगळी आणखी एक लस सुचवतात. ते त्यांच्यावर सोपवावे. टोचायच्या दिवशी डॉक्टर आधी सशाला तपासतात, कारण आजारी सशाला लस देत नाहीत. मादी गाभण असेल तर तसे आधीच सांगावे. टोचल्यावर एखादा दिवस ससा थोडा मलूल दिसेल किंवा सुईच्या जागी लहानशी गाठ येईल. ती बहुधा आपोआप जिरते.

आणि हो, टोचायला नेण्यापूर्वी त्याला उपाशी ठेवू नये. आपण चतुर्थी करू, एकादशी करू, पण सशाला उपास घडता कामा नये. त्याचे कारण पुढे सांगते.

लशीचा विषय निघाला की मला नेहमी तीन शंका ऐकू येतात. पहिली शंका अशी की, "आमचा ससा घराबाहेर जात नाही, त्याला रोग कुठून येणार?" भगिनींनो, रक्तस्रावी रोगाचा विषाणू बाहेर महिनोन् महिने जिवंत राहतो. तो बुटाच्या तळव्याला लागून येतो, गवताच्या पेंढीतून येतो, पाखरांच्या आणि माश्यांच्या पायाला लागून येतो. डास तर खिडकीतून येतोच. तेव्हा ससा बाहेर गेला नाही तरी रोग आत येऊ शकतो. दुसरी शंका, "गेल्या वर्षी दिली होती, आता पुन्हा कशाला?" या लशीचा जोर वर्षभर टिकतो, म्हणून ती दर वर्षी घ्यायची. तिसरी शंका, "रानात हजारो ससे जगतात, त्यांना कोण टोचते?" रानातल्या सशांत सत्तर वर्षांत लाखो मेले आणि मिक्सोमॅटोसिसला थोडाफार दाद न देणारे तेवढे मागे राहिले. आपल्या पिंजऱ्यातल्या सशाच्या मागे तशी पुण्याई नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. लस घेतलेल्या सशाला हे रोग कधीच होणार नाहीत असे नाही. पण झाला तर तो सौम्य होण्याची आणि ससा वाचण्याची आशा असते. भारतात आपले कुणी नातलग ससा पाळत असतील तर त्यांना इथला कागद वाचून दाखवू नये. या लशी इथल्या रोगांसाठी आहेत. त्यांनी तिथल्या पशुवैद्यांना विचारावे. मात्र खाणेपिणे आणि निगा यांविषयी आता जे सांगते ते पुण्याच्या सशालाही तितकेच लागू आहे.

टोचणीने दोन रोग अडतात. बाकीचे सगळे आपल्या हातात आहे आणि त्याची सुरुवात खाण्यापासून होते. सशाचे खरे अन्न वाळलेले गवत. दिवसभरात त्याच्या अंगाएवढा गवताचा ढीग त्याच्यापुढे हवा आणि तो संपला की पुन्हा घालावा. शंभर घास असतील तर त्यांतले ऐंशी-पंच्याऐंशी गवताचे असावेत. वर मूठभर पाला, आणि बाजारी गोळीखाद्य उकडलेले अंडे ठेवायच्या लहान वाटीभरच. गवत म्हणताना एक लक्षात ठेवावे की पेंढा अंथरायला चालतो, खायला नव्हे. आणि लसूणघास, ज्याला इकडे अल्फाल्फा म्हणतात, तो वाढत्या पिल्लांना ठीक. मोठ्या सशाला त्यातला चुना जास्त होतो आणि लघवीचा त्रास जडतो. रंगीबेरंगी दाण्यांचे मिश्रण दुकानात मिळते, ते घेऊ नये. ससा त्यातले गोड तेवढे वेचून खातो आणि चांगले तसेच टाकतो, अगदी आपल्या मुलांसारखा.

गवतावर एवढा भर देण्याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे दात. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. ते झिजतात गवत चघळण्याने. गवत कमी पडले की दाढांना टोके येतात, ती जिभेला आणि गालाला टोचतात, आणि ससा खायला येतो पण तोंड लावून मागे सरतो. दुसरे कारण पोट. सशाचे आतडे चोवीस तास चालू असावे लागते आणि त्याला चालवतो तो गवतातला चोथा. सशाला ओकता येत नाही. त्यामुळे पोट एकदा थांबले की आत वायू धरतो, त्याला वेदना होतात, वेदनांमुळे तो आणखी खात नाही आणि एका दिवसात प्रकरण हाताबाहेर जाते. म्हणूनच वर म्हटले की सशाला उपास नको. तो रात्री किंवा पहाटे स्वतःच्याच मऊ लेंड्या खातो, हे पाहून मुले नाक मुरडतात. त्यात किळस मानण्याचे कारण नाही. एकदा पचलेल्या चाऱ्यातले सत्त्व तो दुसऱ्यांदा घेतो, गाय रवंथ करते तसेच.

आपल्या स्वयंपाकघरातले काय द्यावे असे सगळ्याजणी विचारतात. कोथिंबीर आणि पुदिना आवडीने खातो. फ्लॉवरची बाहेरची पाने, गाजराचा पाला आणि बागेतला डँडेलियन चालतो. गाजर मात्र गोड असते, ते आपल्याकडच्या पेढ्यासारखे अधूनमधून एक चकती, एवढेच. नवा पाला एकदम देऊ नये, थोडा थोडा देऊन लेंड्या नीट राहतात का ते पाहावे. कांदा, लसूण, बटाटा, टोमॅटोचा पाला, ऱ्हुबार्बची पाने आणि अवोकाडो यांना अजिबात मज्जाव. पोळी, भात, बिस्किटे आणि चॉकलेट ही माया नव्हे. आजी प्रेमाने पोळीचा तुकडा देते आणि सशाचे पोट बिघडते.

आता उन्हाळ्यातला एक भयंकर प्रकार सांगते, कारण तो पाहिला की विसरता येत नाही. सशाच्या मागच्या बाजूला लेंड्या किंवा लघवी चिकटून राहिली की हिरवी माशी तिथे अंडी घालते. एका दिवसाच्या आत अळ्या होतात आणि त्या जिवंत सशाचे मांस खाऊ लागतात. आपल्याकडे गुरांच्या जखमेत किडे पडतात, तसेच हे. इथे मे ते सप्टेंबरपर्यंत सकाळ-संध्याकाळ ससा उचलून शेपटीखाली पाहावे. लठ्ठ ससा आणि म्हातारा ससा यांना स्वतःला साफ करता येत नाही, त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यावे. एक अळी दिसली तरी घरगुती उपाय करीत बसू नये, तडक डॉक्टर गाठावा.

राहण्याचे म्हणाल तर दुकानात मिळणारे लाकडी खुराडे ही सशाची खोली झाली, घर नव्हे. त्याला धावायला, मागच्या पायांवर उभे राहायला जागा हवी. इथल्या सशांच्या हितचिंतक संस्थेने दोन सशांसाठी दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच एवढी जागा सांगितली आहे, आणि ती रात्रंदिवस त्यांना मोकळी असावी असे म्हटले आहे. दोन सशांसाठी म्हटले, कारण ससा एकटा सुखी राहत नाही. एक नर आणि एक मादी, दोघांची शस्त्रक्रिया झालेली, ही जोडी उत्तम जमते. शस्त्रक्रिया पिल्ले होऊ नयेत म्हणून तर हवीच, पण मादीच्या जिवासाठीही हवी. शस्त्रक्रिया न झालेल्या माद्यांना वाढत्या वयात गर्भाशयाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणावर होतो. थंडी सशाला सोसते, ओल आणि ऊन सोसत नाही. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. गरमीच्या दिवसांत पिंजरा सावलीत हलवावा आणि पाण्याची बाटली गोठवून, कापडात गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवावी.

आजार लपवणाऱ्या सशाचा आजार ओळखायचा कसा? त्याला रोज पाच मिनिटे लागतात. सकाळी गवत संपले आहे का? लेंड्या गोल, कोरड्या आणि नेहमीएवढ्या आहेत का? डोळे-नाक स्वच्छ आहे का? हनुवटी लाळेने ओली आहे का? पाठ काढून, कोपऱ्यात तोंड करून बसला आहे का? दात करकरा चावतो का? आठवड्यातून एकदा स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर त्याचे वजन करून लिहून ठेवावे. वजन घटते तेव्हा डोळ्यांना कळत नाही, काट्याला कळते. आणि एक नियम पक्का लक्षात ठेवावा. सशाने दहा-बारा तास काही खाल्ले नाही किंवा लेंडी टाकली नाही, तर उद्या पाहू म्हणू नये. रविवार असो की गणेश चतुर्थी असो, त्याच वेळी दवाखान्याला फोन करावा.

आपल्या मंडळात दर वर्षी उद्भवणारी एक अडचण राहिली. सुट्टीत आपण चार-चार आठवडे भारतात जातो. त्या काळात ससा शेजाऱ्यांच्या दाराशी ठेवून "थोडे गाजर घाला" एवढे सांगून जाणे बरोबर नाही. सशांना सांभाळणाऱ्या चांगल्या जागा आहेत, पण टोचणीचे कार्ड चालू असल्याशिवाय त्या दाराशी उभे करीत नाहीत. शेवटच्या आठवड्यात धावपळ करून टोचले तरी संरक्षणाला तीन आठवडे लागतात, हे वर सांगितलेच. म्हणून विमानाची तिकिटे काढाल त्याच दिवशी सशाचे कार्ड उघडून पाहावे. आपल्यापैकी बहुतेकींच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले असते. त्यात संकष्टी आणि दूधवाल्याचा हिशेब लिहितो, तिथेच सशाच्या टोचणीची तारीख लिहावी. शेजारणी मिळून एकमेकींचे ससे सांभाळणार असतील तर उत्तमच. मात्र ज्या घरी ससा ठेवायचा तिथल्या सशाचीही टोचणी झालेली असावी.

आणि ज्यांच्या घरी अजून ससा आलेला नाही त्यांनाही एक विनंती आहे. चांगली निगा राखलेला ससा आठ-दहा वर्षे सहज जगतो. आज सहा वर्षांची असलेली नात तेव्हा सोळा वर्षांची असेल. तेवढी वर्षे रोज गवत घालायची, पिंजरा झाडायचा आणि वर्षाकाठी सुई द्यायची तयारी असेल तरच होकार द्यावा. २००६ सालच्या प्राणिकल्याण कायद्याने या देशात पाळलेल्या प्राण्याला योग्य अन्न, जागा, सोबत आणि दुखण्यापासून बचाव देणे मालकावर बंधनकारक केले आहे. पण कायदा नसता तरी आपल्याला ते वेगळे सांगावे लागले नसते. गाईला घास आणि मुंगीला साखर घालणाऱ्या घरांतून आपण आलो आहोत.

शेवटी आणखी एक सांगते. १८८५ साली पाश्चरने पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरची लस जोसेफ मायस्टर या मुलाला दिली, ती सशांच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केली होती. माणसाच्या मुलांना जगवण्यासाठी त्या काळी किती ससे गेले याची गणती नाही. आज सशाला जगवणारी लस आपल्या हाताशी आहे. वर्षातून एक सकाळ काढून त्याला दवाखान्यात न्यायचे, यापेक्षा अधिक त्या ऋणाची फेड कुणी मागत नाही.

 कुणाला काही विचारायचे असेल तर चहाच्या वेळी मी मागच्या टेबलापाशी आहे. टोचणीचे जुने कार्ड बरोबर आणले असेल तर तेही दाखवा, पुढची तारीख कधी येते ते आपण मिळून पाहू.